हे मरळ न्हाय

पंचांगात मृग लागतो त्या दिवशी भूम भागात पाऊस असतोच असं नाही. बऱ्याचदा नसतोच. वारा असतो, रानातली माती उचलून गावात आणून टाकणारा, आणि त्या मातकट उजेडात घराघरांतून मासा शिजल्याचा वास असतो. मृगात मासा खाल्ला की वर्षभर अंगात ऊब राहते, छाती धरत नाही, असं आमच्याकडं मानतात. एरवी ज्या घरात मासा येत नाही तिथंही त्या दिवशी येतो. यंदाही मृग निघाला. धाराशिवला मी राहते तिथं समोरच्या घरातून तो वास आला. मी चपला घालून कॉलेजला निघालेली, ती दारातच थांबले. लोकांना त्या वासानं भूक लागते. माझ्या मानेवर काटा येतो.

माझे वडील, अण्णा, एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी भूम, वाशी, बार्शी या रस्त्यांवर गेली आणि त्या रस्त्यांची धूळ छातीत बसली. त्यांना दमा होता. दम्याला मरळीसारखं औषध नाही, ही त्यांची खात्री. मी पुढं जीवशास्त्र शिकले, शिकवायलाही लागले, तरी या खात्रीशी मी कधी वाद घातला नाही. मृगाच्या आसपासच्या बाजारात ते भूमला जायचे आणि गोदाक्काकडून मरळ घेऊन यायचे.

गोदाक्का आमच्या शेजारगावची. तळ्याच्या काठावर घर, बाजारात मासे विकायचा धंदा. मी लहानपणी अण्णांबरोबर गेले की तिच्या घमेल्यात वाकून बघायची. ओल्या पोत्याखाली मरळ असायची, लांब, गोल, सापासारख्या तोंडाची, अंगावर काळपट खवले. गोदाक्का ती बाहेर काढायची, लाकडावर डोकं आपटायची आणि आमच्यासमोर खवले काढायची. घरी आल्यावर माझ्या मनगटावर एखादा खवला चिकटलेला सापडायचा. वाळून काचेसारखा झालेला. तो उन्हात धरला की त्यात बारीक वर्तुळं दिसायची.

अण्णांची ओळखायची ताकद मोठी होती. गाडीत पन्नास माणसं चढली तरी कोण कुठं चढलं हे त्यांना विचारावं लागत नसे. वर्षानं भेटलेल्या बाईला ते विचारायचे, पोरगं चालाया लागलं का. माणसाचा चेहरा म्हणजे त्यांच्यासाठी तिकीटच होतं, एकदा बघितलं की झालं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं ते या माणसाला झालं.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी तळं इतकं आटलं होतं की मधोमध एक काळं डबकं तेवढं राहिलं होतं. मृग लागला आणि तसाच कोरडा चालला. मी सुट्टीत घरी होते. अण्णांना चालवत नव्हतं म्हणून बाजारात मी गेले. गोदाक्काच्या पुढं घमेलं नव्हतं. बर्फावर मांडलेले तुकडे होते, कातडं काढलेले, डोकं नसलेले, गुलाबी पांढरे. तीन ढीग होते. हा मरळीचा, हा वामचा, हा शिवड्याचा, असं तिनं दाखवलं. मी विचारलं, अक्का, मासा अख्खा का नाही? ती म्हणाली, तळ्याचा ठेका घेतलेला माणूस आता साफ करूनच देतो, लोकांनाही तसाच पाहिजे. मला ते पटलं. पुण्यामुंबईकडंही हल्ली तसाच मिळतो.

आईनं नेहमीसारखा रस्सा केला. अण्णांनी भाकरी कुस्करली, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग घास ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"हे मरळ न्हाय," ते म्हणाले.

आईला वाटलं, मसाला जास्त झाला. मला वाटलं, दम्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली. आम्ही दोघींनी त्यांना समजावलं. ते भांडले नाहीत. ताट सरकवून उठले आणि अंगणात कडुलिंबाखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं मी पाणी घेऊन गेले तर ते झाडाच्या बुंध्याकडं बघत होते. मला म्हणाले, हे झाड बी आपलं वाटत न्हाय.

तिथून ते वाढत गेलं. दूध आलं की ते म्हणायचे, हे आपल्या म्हशीचं नाही. भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी बदललंय. औषधाची बाटली तीच आहे, आतलं औषध दुसरं आहे. ते घाबरून बोलायचे नाहीत. गाडीत एखाद्याकडं दुसऱ्याच मार्गाचं तिकीट निघालं तर जसं शांतपणे सांगायचे, तसंच सांगायचे. त्या शांतपणाचीच भीती वाटायची. आरडाओरडा केला असता तर आजार म्हणता आला असता.

आणि एक दिवस, सकाळचं लख्ख ऊन ओसरीवर आलेलं असताना, त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. आई समोर ज्वारी निवडत बसली होती. सुपाचा आवाज येत होता. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सुमन, ही बाई कोण हाय गं? लई सारखी हाय. पर ती न्हाय."

मी आईकडं बघितलं. तीच आई. कपाळावरचं गोंदण, उजव्या भुवईशी लहानपणी पडल्याची खूण. पण एक क्षण, खोटं का सांगू, मीसुद्धा ती खूण नीट बघितली.

बार्शीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी समजावून सांगितलं की उतारवयात मेंदूचा असा आजार होतो. डोळ्यांना चेहरा दिसतो, तो तसाच आहे हेही कळतं, पण आपल्या माणसाला बघून आत जे हलतं ते हलत नाही. मग मन म्हणतं, ही दुसरीच कुणीतरी आहे. गोळ्या दिल्या. आई सगळं ऐकत होती. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की त्यांना जिची आठवण येतीय ती मीच हाय, मग तिच्यावर राग कशाला धरू?

अण्णा आता तिला अहोजाहो करायला लागले. परक्या घरच्या बाईशी बोलावं तसं. जेवायच्या वेळी विचारायचे, बाई, तुम्ही जेवलात का? आई म्हणायची, जेवले. मग स्वयंपाकघरात येऊन भांड्यांत उगाच हात घालत उभी राहायची. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. सुखाचं म्हणावं की दुःखाचं, मला ठरवता येईना.

मला मात्र एकच गोष्ट खात होती. सगळ्याची सुरुवात त्या घासापासून झाली होती. तो मासा खरंच मरळ असेल तर अण्णांचा आजार तिथूनच सुरू झाला, असं म्हणता येईल. आणि नसेल तर? एवढं एक तरी कळायला हवं होतं.

वैशाली माझी एम.एस्सी.ची मैत्रीण. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत असते आणि तिचं कामच हे आहे. हॉटेलात, दुकानात एका माशाच्या नावावर दुसराच विकला जातोय का, ते तपासायचं. कापलेल्या, सोललेल्या माशाला ओळखायला काही उरत नाही. ना खवले, ना शेपूट, ना तोंड. पण मांसाच्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. त्यातला एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि ज्यांची ओळख आधीच पक्की झालेली आहे अशा माशांशी तो ताडून बघायचा. जुळला, की त्याचं नाव कळतं.

फ्रीजरमध्ये राहिलेला कच्चा तुकडा मी स्पिरिटच्या कुपीत घातला. आईनं त्या दिवशीचा रस्साही गोठवून ठेवला होता, अन्न टाकायची तिला सवय नाही. त्यातलाही एक तुकडा धुऊन दुसऱ्या कुपीत घेतला. मग पुन्हा बाजार भरला तेव्हा गोदाक्काकडं गेले आणि तिन्ही ढिगांतले तुकडे मागितले. कशाला पाहिजेत ते तिला खरं सांगितलं. मला वाटलं, हाकलून देईल. तिनं तुकडे कापून दिले आणि म्हणाली की मलाही कळू दे काय विकतीय ते, ठेकेदाराचा माणूस पहाटे डबे ठेवून जातो, मी झाकण काढते तेव्हा आत नुसतं मांस असतं.

वैशालीचा फोन आला तेव्हा मी परसात कपडे वाळत घालत होते. तिनं सावकाश सांगितलं. पाचही नमुने एकाच जातीचे. मरळ नाही, वाम नाही, शिवडा नाही. आफ्रिकेकडून आलेला मांगूर, बिनखवल्याचा, मिशांचा. आपल्याकडं पाळायला बंदी असलेला. कत्तलखान्याचा, कोंबड्यांचा टाकलेला माल खाऊन झपाट्यानं वाढतो, पाण्याबाहेरही बराच काळ जगतो, आणि ज्या पाण्यात शिरतो तिथले बाकीचे मासे संपवतो. रश्श्यातल्या तुकड्यातूनही तेच नाव आलं. तिखटमिठात शिजूनही ते गेलं नव्हतं.

ओला टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला. अण्णा बरोबर होते. पहिल्यांदा हायसं वाटलं, इतकं की मी हसले. मग ओसरीवरून त्यांचा आवाज आला. आईला विचारत होते, बाई, या घरची मालकीण कधी येणार हाय? मासा ओळखणारा माणूस बाकीच्या बाबतीत चुकतोच आहे, हे मी कशाच्या जोरावर म्हणत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाक्का मला तळ्यावर घेऊन गेली. निकाल मी तिला आदल्या संध्याकाळीच सांगितला होता. तळ्याच्या पोटात आम्ही चालत गेलो. माती वाळून तिच्या ताटाएवढ्या खपल्या झालेल्या, पाऊल पडलं की आत पोकळ आवाज येई. एरवी अशा उरल्यासुरल्या पाण्यावर बगळे असतात. तिथं एकही नव्हता. बेडकाचा आवाज नाही, पाण्यावर फिरणारे किडेही नाहीत. डबकं ताकासारखं घट्ट आणि काळं. आम्ही काठावर उभ्या राहिलो. वारा पडला होता. आणि मग पाण्यातून एक तोंड वर आलं, रुंद, चपटं, मिशांचं. हवेचा घोट घेतला, चट्ट असा आवाज झाला, तोंड खाली गेलं. मग दुसरीकडं एक. मग तीन एकदम. मग सगळं डबकंच तोंडांनी उघडझाप करायला लागलं. पाणी श्वास घेत होतं.

गोदाक्कानं पदर तोंडाला लावला. तिनं मला सांगितलं की तिच्या लहानपणी या तळ्यात किती जातींचे मासे होते. एकेक नाव घेत गेली. काही मी ऐकलेली, काही मला पुस्तकातही न भेटलेली. "नावं समदी बाजारात हायत, ताई," ती म्हणाली. "खाली हा एकच हाय."

पुढं आम्ही दोघींनी मिळून तक्रार केली. सरकारी माणसं आली, जाळी लावली, तळ्याकडेला खड्डा खणला. बंदी असलेला मासा पुरून टाकायचा असतो. आणखी काही करताही येत नसणार. मासा ओतला, वर चुना टाकला, माती लोटली. गाव बघायला जमलं होतं. माणसं निघून गेली तरी मी आणि गोदाक्का उभ्या होतो, कारण खड्ड्यावरची माती थांबत नव्हती. भाकरी फुगताना पापुद्रा उचलतो तशी इथं उचलायची, तिथं बसायची. बराच वेळ. नंतर कधीतरी पाऊस झाला, तळ्यात पाणी आलं. आता त्यात काय आहे हे मला माहीत नाही. मी पाण्याकडं बघते तेव्हा वरचं आभाळ तेवढं दिसतं.

मासा खरंच मरळ नव्हता, हे मी अण्णांना सांगितलं होतं. वाटलं होतं, आपलं ऐकलं गेलं म्हणून ते निवांत होतील. त्यांनी मान हलवली. मासा बदलला हे तुला मशीननं सांगितलं, ते म्हणाले, मग बाकीचं कोण सांगणार? मी मुलांना वर्गात शिकवते की ओळख म्हणजे आत लिहिलेलं असतं ते. पण घरात, रोजच्या जगण्यात, आपण कुणाला असं तपासतो? आवाज ऐकतो, पायरव ऐकतो, आणि समोर आलेल्या माणसाला आपलं म्हणतो. आई खोकली की मला दुसऱ्या खोलीतून कळतं, आई आहे. ते कळणं अण्णांच्यातून कुणीतरी काढून घेतलं होतं, कातड्यासारखं सोलून. आणि मग उरलं होतं ते कशावरून ओळखायचं?

पुढच्या वर्षी मृगाआधी गोदाक्का स्वतः आमच्या घरी आली. डोक्यावर घमेलं, वर ओलं पोतं. लांबच्या नात्यातल्या कुणाच्या तरी विहिरीत पूर्वीपासून मरळ सोडलेली होती, तिथून ती मागून आणली होती. पोतं उचललं आणि मला लहानपणीचंच जनावर दिसलं, खवल्यांचं, सापतोंडाचं. शंका घ्यायला जागा नव्हती. तरी मी कल्ल्याजवळचा इवलासा तुकडा वैशालीकडं पाठवला. एकदा सवय लागली की डोळ्यांवर विश्वास राहत नाही. तोवर आईनं मासा गोठवून ठेवला. वैशालीचं उत्तर आलं: मरळ.

त्या दिवशी आईनं रस्सा केला तो मी कधी विसरणार नाही. गोदाक्का ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. आम्ही तिघी अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी घास घेतला. चावला. डोळे मिटले. आणि माझ्या मनात आलं की आता हा माणूस डोळे उघडेल आणि आईला नावानं हाक मारेल.

त्यांनी घास ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"हे बी न्हाय," ते म्हणाले, आणि गोदाक्काकडं वळून, वाईट वाटू नये अशा मऊ आवाजात पुढं म्हणाले की तुमचा दोष न्हाय, अक्का, आता कुठंच ऱ्हायली नसंल.

गोदाक्का उठून मागच्या दारानं गेली. आई तिथंच बसली. तिनं त्यांच्या ताटातला तो घास उचलला आणि स्वतः खाल्ला. मरळच हाय, ती माझ्याकडं बघून म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

अण्णा त्यानंतर फार जगले नाहीत. हिवाळ्यात छाती भरली आणि ते गेले. आई अजून गावी आहे. गोदाक्का आता अख्खाच मासा विकते, त्यामुळं तिच्याकडं गिऱ्हाईक कमी असतं, पण जे येतं ते वाकून माशाचं तोंड बघून घेतं. मृगात मी घरी गेले की आई मासा करत नाही, मीही मागत नाही.

पण त्या दुसऱ्या मृगातली एक दुपार सांगायची राहिली. मरळ नाकारल्यानंतरची. अण्णांनी मला बोलावलं. कॉटवर बसले होते, हात मांडीवर, तळवे वर. मला म्हणाले, त्या कुपीत माझं बी काही घाल आणि पाठव. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले की मासा बदलला, झाड बदललं, बाई बदलली. एवढं समदं बदललं आणि मी एकटाच कसा ऱ्हायलो? मीच तर बदललो न्हाय ना, ते बघ.

वैशाली माणसांचे नमुने घेत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी कापसाचा बोळा त्यांच्या गालाच्या आतून फिरवला. त्यांनी तोंड लहान मुलासारखं उघडलं होतं. कुपीत घातला, झाकण लावलं, त्यांच्यासमोर पिशवीत ठेवला. कुठंही पाठवला नाही. धाराशिवला जाऊन परत आले तेव्हा ते ओसरीवर वाटच बघत होते. मी सांगितलं, निकाल आला, अण्णा. तुम्हीच आहात. काही बदललेलं नाही.

कंडक्टर माणूस. एवढ्यावर सोडणारा नव्हता.

"कशाशी ताडून बघितलंस?"

मी तयारी करून आले नव्हते. आई मागं दारात उभी होती, मला तिच्या बांगड्यांचा आवाज आला.

"माझ्याशी," मी म्हणाले.

त्यांनी माझा चेहरा हातात घेतला. अंगठ्यानं कपाळ चाचपलं, नाक, हनुवटी. त्यांच्या बोटांना तंबाखूचा आणि औषधाचा वास होता. डोळ्यांत ओळख आली की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्यांचे खांदे खाली आले, कितीतरी दिवसांनी.

"म्हंजे तू तरी खरी हायस," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून मागं दाराकडं बघितलं, आणि आईला म्हणाले, "या बाई, बसा. ही माझी लेक हाय."

आई आली आणि आमच्याशेजारी बसली.